मालक कोण? बदली, माथाडी आणि कंत्राटी कामगारांच्या कायद्याचा इतिहास

ब्रिटिश हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा १८८१ साली संमत झाला, तेव्हा त्याच्या मुळाशी १०० हा आकडा होता. जिथे यंत्रशक्ती वापरली जाते आणि किमान १०० माणसे राबतात, तीच जागा कायद्याच्या लेखी ‘कारखाना’ ठरत असे; तिथे सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी आली, त्याहून थोड्या मोठ्या मुलांच्या तासांवर मर्यादा आली, आणि प्रौढ कामगारांच्या पदरात मात्र फारसे काही पडले नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत कामगारांच्या सभा भरवून सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन सरकारदरबारी धाडले, जून १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्याच वर्षी सुधारलेल्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी दाखल होताना कारखान्याचा आकडाही १०० वरून ५० वर आला. १९२२ साली तो २० झाला, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमात, यंत्रशक्ती असेल तर १० आणि नसेल तर २०, असा ठरला. सदुसष्ट वर्षे हा आकडा खाली येत गेला, आणि कामगार कायद्यांचा इतिहास बहुधा या उतरणीचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. कारण कारखाना कोणता हे ठरल्यावरही त्यात राबणारा माणूस कोणाचा, हा प्रश्न उरतोच, आणि असुरक्षित रोजगाराची बरीचशी वाढ त्या दुसऱ्या प्रश्नाच्या फटीतून झालेली आहे.

मुंबईच्या गिरण्यांत ही फट ‘बदली’ या नावाने ओळखली जाई. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी त्या पाळीपुरता घेतला जाणारा माणूस म्हणजे बदलीवाला. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार शेतीच्या हंगामाला, शिमग्या-गणपतीला किंवा आजारपणात गावी जात, त्यामुळे गिरणीत रोज काही खाडे पडत, आणि ते भरून निघावेत म्हणून पाळी सुरू होण्याआधी फाटकापाशी माणसे उभी राहत. त्यांतून कोणाला आत घ्यायचे हे जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, ठरवी. भरती त्याच्या हाती, कामावर देखरेख त्याची, आणि दस्तुरीही, म्हणजे काम मिळावे म्हणून द्यायची लाच, त्यालाच पोचवावी लागे. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने ‘बदली नियंत्रण’ पद्धत सुरू केली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्डे द्यायची, कार्डवाल्याने रोज सकाळी गिरणीवर हजर व्हायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या, अशी तिची रचना होती. जॉबरची लाचखोरी आटोक्यात आणणे हा तिचा जाहीर हेतू होता आणि काही अंशी तो साधलाही. परंतु उद्या काम मिळेल की नाही याची शाश्वती नसलेल्या माणसाला आता कार्ड मिळाले, क्रमांक मिळाला, नोंदवहीत जागा मिळाली, आणि शाश्वती तेवढी मिळाली नाही. असंघटित रोजगार म्हणजे नोंदीबाहेरचा रोजगार, ही समजूत पुढे रूढ झाली. बदलीवाला मात्र नोंदीत असूनही अधांतरी होता.

याच काळात कायद्याने संपाला वेसण घालण्याचे काम हाती घेतले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने आणलेल्या १९३८ च्या औद्योगिक तंटे कायद्याने तडजोडीची सक्ती केली आणि ती न पाळता केलेला संप बेकायदा ठरवला. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून मुंबईत संप घडवला. पुढे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम आला. या कायद्याची आठवण आज मुख्यतः ‘प्रातिनिधिक युनियन’ या तरतुदीमुळे काढली जाते: एका उद्योगात एकाच नोंदणीकृत युनियनला कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार, आणि मुंबईच्या कापड धंद्यात हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. याच कायद्यातली दुसरी तरतूद मात्र इतिहासकारांच्या नजरेतून सहसा निसटते. एखाद्या उद्योगाचे जे काम एरवी त्या उद्योगाचाच भाग असते, ते मालकाने ठेकेदाराकरवी करून घेतले, तरी त्या कामगारांचा मालक उद्योगाचा मालकच समजला जाईल, असे या कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेले होते. अहमदाबादच्या सरसपूर मिलमधले उपाहारगृह एका सहकारी संस्थेकडे सोपवलेले असतानाही तिथले कामगार मिलचेच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली याच व्याख्येच्या आधारे दिला. पुढे ज्या प्रश्नावर देशभरच्या न्यायालयांत अर्धशतक खर्ची पडले, त्याचे उत्तर एका प्रांताने, निदान निवडक उद्योगांपुरते, १९४६ सालीच लिहून ठेवले होते.

देशव्यापी कायद्याने ती वाट धरली नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात १९५३ साली ‘पाच-अ’ हे प्रकरण जोडले गेले आणि कामगारकपातीची भरपाई, तसेच ले-ऑफची, म्हणजे काम नसल्यामुळे काही काळ बसवून ठेवल्याची, भरपाई कामगाराचा हक्क ठरली. त्याच प्रकरणात ले-ऑफच्या भरपाईतून दोन माणसे शब्दशः वगळलेली होती: बदली कामगार आणि नैमित्तिक कामगार. ज्याचे नाव हजेरीपत्रकावर आहे त्याच्या जागी काम करणारा तो बदली कामगार, अशी व्याख्याही कायद्याने केली, आणि सलग एक वर्षाची सेवा झाली की तो बदली राहणार नाही, अशी सवलत दिली. हे एक वर्ष मोजण्यासाठी बारा महिन्यांतले २४० दिवस पुरेसे मानले गेले. मुंबईच्या आदर्श स्थायी आदेशांतही, म्हणजे कारखान्यातील सेवाशर्तींच्या नमुना नियमांतही, २४० दिवसांनंतर कायम करण्याची तरतूद आली. कामगाराच्या बाजूने लिहिलेल्या या आकड्याचे पुढे जे झाले ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीत ऐकायला मिळते: दोनशेचाळीसावा दिवस उजाडण्यापूर्वी कामगाराला ‘ब्रेक’ द्यायचा आणि काही दिवसांनी नव्या नावाने, नव्या पत्राने परत घ्यायचे. १९७१ च्या महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमाने यावर नेमके बोट ठेवले. कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत अशा हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे, ही त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा ठरवली गेली. मात्र तक्रार करायला आधी त्या मालकाचा कामगार असावे लागते, ही अट गृहीतच होती, आणि पुढे तीच अट निर्णायक ठरली.

या सगळ्या कायद्यांच्या पलीकडे, मशीद बंदर, दाणाबंदर आणि कापड बाजारांच्या गल्ल्यांत, एक असा कामगार होता की ज्याच्याबाबत ‘मालक कोण’ हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तरी उत्तर सापडत नसे. गोण्या, गाठी, लोखंडी सळ्या माथ्यावर वाहणाऱ्या हमालाला माथाडी म्हणतात. तो टोळीत काम करतो. माल एका व्यापाऱ्याचा, गोदाम दुसऱ्याचे, ट्रक तिसऱ्याचा, आणि एकाच दिवसात टोळी दहा दुकानांचा माल उतरवते. व्यापारी टोळीवाल्याला, म्हणजे मुकादमाला, पैसे देई, टोळीवाला आपला वाटा कापून उरलेले माणसांत वाटी, आणि माणूस गोणीखाली सापडून जायबंदी झाला की ‘तो माझा नोकर नाही’ हे व्यापाऱ्याचे म्हणणे कायद्याच्या चौकटीत बहुधा बरोबरच निघे. भरपाई नाही, रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. आणि या नकारासाठी कोणाला कायदा मोडावाही लागत नव्हता.

गोदीत यावर एक तोडगा आधीच निघालेला होता. बोटींची ये-जा अनियमित असल्याने गोदी कामगारांचीही अशीच परवड होती, आणि १९४८ च्या गोदी कामगार (रोजगार विनियमन) अधिनियमाने कामगार आणि माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कंपन्या या दोघांचीही नोंदणी एका मंडळाकडे करून, काम फिरते ठेवून कामगाराला स्थिर केले होते. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातून आलेले अण्णासाहेब पाटील यांनी साठच्या दशकात मुंबईतल्या माथाडींची युनियन बांधली, तेव्हा बाजारपेठेतही गोदीसारखे मंडळ हवे, ही मागणी तिच्या केंद्रस्थानी आली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांची हमाल पंचायत पन्नाशीच्या दशकापासूनच हमालांना संघटित करत होती. मोर्चे, संप, समित्या यांतून अखेर वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (रोजगार विनियमन व कल्याण) अधिनियम संमत झाला.

या कायद्याची बुद्धिमत्ता त्याने टाळलेल्या प्रश्नात आहे. माथाडीचा मालक कोण, याचा निवाडा करत बसण्याऐवजी त्याने अनुसूचीत कामांची यादी दिली: लोखंड बाजार, कापड बाजार, किराणा बाजार, कांदा-बटाट्यासह भाजीबाजार, रेल्वेची मालधक्क्याची कामे, मिठागरे अशा ठिकाणची चढ-उतार, वाहतूक, थप्पी लावणे, वजन करणे. यादीतल्या कामावर हाताने श्रम करणारा ‘असंरक्षित कामगार’ आणि ते करून घेणारा नोंदणीस पात्र मालक, इतके पुरे. मालक, कामगार आणि सरकार यांच्या प्रतिनिधींचे त्रिपक्षीय मंडळ स्थापन झाले. मजुरीचे दर ठरले. आणि मजुरी, अधिक मजुरीच्या ठरावीक टक्क्यांइतकी ‘लेव्ही’, मालकाने मंडळाकडे भरायची, असा दंडक पडला. मंडळ टोळीची कमाई हजेरीप्रमाणे वाटून प्रत्येकाच्या खात्यावर जमा करते, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, बोनस आणि दवाखाना भागवते. टोळीवाल्याच्या हातातून पैसा निसटला, आणि त्याबरोबर त्याची सत्ताही. दहा व्यापाऱ्यांकडे तुकड्यातुकड्याने केलेले काम एका खात्यावर एकत्र आल्याने, जे कोणाचेच नोकर नव्हते त्यांना नोकरदाराचे बहुतेक हक्क मिळाले.

काळाचा एक योगायोग इथे लक्षात घेण्याजोगा आहे. ‘अनौपचारिक क्षेत्र’ ही संज्ञा कीथ हार्ट या मानवशास्त्रज्ञाने घानामधील अक्रा शहराच्या अभ्यासातून १९७१ च्या सुमारास मांडली आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनियाविषयक अहवालाने १९७२ साली ती जगभर पोचवली. म्हणजे जगाच्या अभ्यासकांनी या रोजगाराचे बारसे करण्यापूर्वीच मुंबईच्या हमालांनी त्याच्यासाठी कायदा करून घेतलेला होता.

कायदा निर्दोष होता असे नव्हे. गोदीत काम नसलेल्या दिवसांसाठीही काही हमी होती, माथाडीची मजुरी मात्र प्रामुख्याने नगावर आणि वजनावर राहिली, त्यामुळे मंदीचा भार त्याच्याच माथ्यावर पडला. नोंदीत आलेल्या टोळ्यांनी दरवाजे आतून लावून घेतले आणि नोंदीबाहेरचे हमाल त्यांच्याच बाजूला कमी दराने काम करू लागले. ‘असंरक्षित’ या शब्दाच्या अर्थावर, म्हणजे कारखान्याच्या पगारपत्रकावर असलेला हमालही या कायद्याखाली येतो का, यावर मुंबई उच्च न्यायालयात दशकानुदशके वाद चालला. अलीकडे माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या बनावट संघटनांबद्दल उद्योजकांनी वारंवार तक्रारी केल्या, आणि त्यांतल्या सगळ्याच खोट्या नाहीत. तरीही नवी मुंबईतल्या माथाडी वसाहती, पतपेढ्या आणि निवृत्तीच्या वेळी हातात पडणारी रक्कम पाहता, हातावर पोट असलेल्या माणसांसाठी देशात झालेल्या कायद्यांत इतका खोल उतरलेला दुसरा कायदा सापडणे कठीण आहे. १९८१ चा खाजगी सुरक्षा रक्षकांचा महाराष्ट्राचा कायदा याच साच्यातून निघाला. त्यानंतर मात्र साचा अडगळीत गेला. २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या मंडळासाठी कायदा झाला, पण वेतन त्या मंडळाच्या हातून जात नव्हते.

मुंबईच्या गिरण्यांतला १८ जानेवारी १९८२ चा संप या कथेत दोन कारणांनी येतो. सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले, आणि पगारवाढीबरोबर त्यांच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करावे ही मागणी होती, तशीच १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा रद्द व्हावा हीही होती. संप कधीच अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. दुसरे कारण असे की गिरण्या थंड असतानाही कापड बाजारात येतच राहिले, कारण ते भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जात होते आणि त्यावर गिरण्यांचे छाप बसत होते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या, मीटरवर मजुरी आणि एकाच छपराखालचे माग घरातल्या वेगवेगळ्या माणसांच्या नावावर दाखवण्याची सर्रास पद्धत होती. तसे दाखवले की प्रत्येक भाग दहाच्या आकड्याखाली राही आणि कारखाने अधिनियम फाटकाबाहेर थांबे. लोखंड्यांच्या काळापासून जो आकडा खाली आणण्यासाठी लढाई चालली, तोच आता कामाची वाटणी कशी करायची याचे मोजमाप झाला. जे माग गिरणीत चालले असते तर कायम कामगार लागला असता, तेच तिथून चाळीसएक किलोमीटरवर, उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेल्या आणि खानावळीत पोट भरणाऱ्या माणसांच्या हाती गेले.

मोठ्या कारखान्यांनी त्याआधीच दुसरी वाट काढली होती: आकडा लपवण्याऐवजी माणूसच दुसऱ्याच्या नावावर दाखवायचा. मुंबईतल्या स्टँडर्ड व्हॅक्युम कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातली साफसफाई ठेकेदाराकडे होती. ते काम बारमाही आहे, कारखान्याला आवश्यक आहे आणि त्यासाठी पुरेसे पूर्णवेळ कामगार लागतात, तेव्हा ते कंपनीने थेट आपल्या माणसांकडून करून घ्यावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये कायम केला. याच कसोट्या १९७० च्या कंत्राटी कामगार (विनियमन व निर्मूलन) अधिनियमाच्या दहाव्या कलमात आल्या. पण निर्मूलन करायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार न्यायाधिकरणाकडून सरकारकडे गेला, आणि वीसपेक्षा कमी माणसांच्या ठेक्याला कायदा लागूच नव्हता. केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ च्या अधिसूचनेने आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, साफसफाई आणि राखण यांत कंत्राटी पद्धतीला मनाई केली. मनाई झाल्यावर त्या माणसांचे काय, यावर मात्र कायदा गप्प होता. एअर इंडियाच्या मुंबईतल्या सफाई कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले की ठेका गेला की कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात.

हे उत्तर पाच वर्षे टिकले. २००१ च्या सुरुवातीला कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या महाराष्ट्रातल्याच दोन प्रकरणांत असे ठरले की, मालक-कामगार नाते निर्विवाद असेल तरच १९७१ च्या कायद्याखाली अनुचित प्रथेची तक्रार करता येईल; मालकाने नाते नाकारले तर आधी ते दुसरीकडे सिद्ध करून यावे. आणि ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एअर इंडियाचा निर्णय मोडीत काढला, १९७६ ची अधिसूचनाही रद्द केली, आणि ठेका केवळ दिखाऊ होता हे कामगाराने औद्योगिक न्यायाधिकरणात सिद्ध करावे, असे सांगितले. सिद्ध करणे अशक्य नव्हते. मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा २०१४ चा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कायम ठेवला. पण इतक्या वर्षांची झुंज देऊ शकेल अशी चिवट संघटना किती कंत्राटी कामगारांच्या वाट्याला येते, हे शोधायला आकडेवारी लागत नाही.

अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील असंघटित क्षेत्र आयोगाने २००४-०५ च्या पाहणीवरून देशातले सुमारे ९२ टक्के कामगार अनौपचारिक असल्याचे दाखवले, आणि त्यांत संघटित उद्योगांतच काम करणारे असुरक्षित कामगारही मोजले. यावर सुधारणावाद्यांचे म्हणणे असे की दोष संरक्षणाचाच आहे: १९७६ च्या ‘पाच-ब’ प्रकरणाने ३०० किंवा अधिक कामगारांच्या, आणि १९८२ च्या दुरुस्तीने १०० कामगारांच्या, कारखान्यांना कपात किंवा बंदीसाठी सरकारी परवानगीची सक्ती केली, म्हणून मालक कायम माणूस घ्यायला बिचकतो. हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. पण बदली कार्ड १९३५ चे आहे, आणि तेव्हा कामगारकपातीवर कसलेच बंधन नव्हते. भिवंडीतल्या एकेका शेडमधली कामगारसंख्या परवानगीच्या आकड्याच्या जवळपासही पोचत नव्हती. असुरक्षितता संरक्षणाच्या आधीची आहे, संरक्षणाने तिला नवे पत्ते तेवढे पुरवले.

तरीही आकडे आता वर चढू लागले. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखान्याची मर्यादा दहावरून वीसवर आणि वीसवरून चाळीसवर नेली, त्यानंतर कंत्राटी कामगार कायद्याची वीसवरून पन्नासवर, आणि २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दहाहून कमी माणसांच्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. केंद्राच्या २०१९ आणि २०२० च्या चार संहितांनी २९ कायदे एकत्र करताना हेच आकडे देशभर नेले, कपातीच्या परवानगीची मर्यादा पुन्हा ३०० केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ प्रथमच अवतरला, म्हणजे अ‍ॅपवरून एकेक खेप, एकेक फेरी मिळवणारा माणूस. आणि त्याची व्याख्याच अशी की जो पारंपरिक मालक-कामगार नात्याच्या बाहेर कमावतो तो. ज्या प्रश्नावर बदलीवाला आणि सफाई कामगार न्यायालयांच्या पायऱ्या झिजवत राहिले, त्याचे उत्तर इथे व्याख्येतच नकारार्थी देऊन टाकलेले आहे. त्याबदल्यात कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी कल्याण निधीत यावी, अशी तरतूद आहे.

राजस्थानने २०२३ साली गिग कामगारांसाठी केलेला कायदा माथाडी मंडळाच्या अधिक जवळ जातो. कामगाराची नोंदणी, कंपन्यांची नोंदणी, मंडळ, आणि प्रत्येक व्यवहारावर आकारले जाणारे शुल्क, ही त्याची अंगे दाणाबंदरच्या हमालाला लगेच ओळखू येतील. फरक एका जागी आहे. १९६९ च्या कायद्यात मजुरीचे दर त्रिपक्षीय मंडळात ठरतात, मजुरी आणि लेव्ही दोन्ही मंडळाच्या खिडकीतून जातात, आणि कोणत्या टोळीने किती गोण्या वाहिल्या हे तिथे लिहिलेले असते. राजस्थानच्या कायद्यात मंडळाकडे शुल्क येते, आणि एका खेपेचे किती पैसे द्यायचे व पुढची खेप कोणाला द्यायची, हे ठरवणारा मुकादम अजून कंपनीच्या संगणकातच बसलेला आहे.